बाहीवरचा पिवळा डाग

सांगली,
मंगळवार

प्रिय शोएब,

तू पाठवलेला कागद शनिवारी पोचला. दोन पानांची तक्रार, आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव तू टाइप करूनच घेतलंयस, फक्त सही बाकी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, ‘काका, सोमवारपर्यंत सही करून पाठवा, अब्बांबरोबर तुम्हीच होता.’ सोमवार काल झाला. सही मी केलेली नाही. पत्र लांबेल. शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तुझा कागद मी तीनदा वाचला. साताऱ्यात पोरांना विज्ञान शिकवतोस, पण भाषा एखाद्या वकिलासारखी जमलीय. ‘हळदीच्या धुळीनं श्वास कोंडलेल्या माझ्या वडिलांना डॉक्टर अंकिता यांनी दाखल करून न घेता औषध देऊन घरी पाठवलं, आणि त्या हलगर्जीपणामुळं दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.’ एका वाक्यात सगळं बसवलंस. शेवटी, त्यांचं लायसन काढून घ्यावं, अशी मागणी. त्या बाईंचा फोटो तू ग्रुपवर टाकलास तोही मला चार ठिकाणांहून आला. त्यातल्या एका ग्रुपचा ॲडमिन मीच आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तू वाचलंच असशील. एकानं लिहिलं होतं, दवाखाना बंद पाडा हिचा. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडत बसलो. मेथी होती.

चांदला, तुझ्या अब्बांना, जाऊन आज पंचेचाळीस दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फरशीवर दागिना पडला की बघायच्या आधी त्यात तांबं किती ते मी सांगायचो, आणि तू लहानपणी मुद्दाम नाणी पाडून माझी परीक्षा घ्यायचास. ते कान अजून तसेच आहेत. पलीकडच्या अडतीत हळदीची पोती टाकतात, त्यातलं कुठलं ओलं आहे ते मला इथं खुर्चीत बसून कळतं. कळतं, पण आत कुठं पोचत नाही. जेवतो, झोपतो, गिऱ्हाईक आलं की हसून बोलतो, विनोदही करतो, लोक हसतात. जाड हातमोजा घालून वस्तू धरावी तसं सगळं लागतं. म्हणून या पत्रात कुठं काही कोरडं वाटलं तर ते तसंच आहे असं समज. मी मुद्दाम कोरडं लिहीत नाही.

तुझी-माझी ओळख तू जन्मल्यापासूनची, पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला चांदनं सांगितली नसणार. ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. मी विट्याजवळच्या खेड्यातला, तो उंब्रजचा. दोघंही कोइमतूरला गलाईच्या दुकानात लागलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून चोख करायची. दागिना वितळवायचा, तेजाबात म्हणजे ॲसिडात उकळायचा, तांबं-चांदी विरघळून जाते, सोनं तळाशी राहतं. ते सोन्यासारखं दिसतसुद्धा नाही, तपकिरीच्या भुकटीसारखं दिसतं. पुन्हा भट्टीत घातलं की उजळतं. तेजाब उकळताना जो तांबूस धूर उठतो तो फार वाईट. आमच्या गल्लीतला केरबा एकदा त्या धुरात सापडला आणि सरकारी दवाखान्यात गेला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं काय झालं, तर ह्यानं खरं सांगितलं. दुपारी पोलीस आले. कुणाचं सोनं, कुठून आलं, तेजाबाचा परवाना दाखवा. सबंध गल्ली सव्वीस दिवस कुलपात. केरबा वाचला, पण गल्लीनं त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत, नुसतं घेतलं नाही.

त्या दिवसापासून आमच्यात एक रीत पडली. दवाखान्यात, पोलिसात, भाड्याच्या खोलीच्या मालकापुढं, कुठंही तेजाबाचं नाव काढायचं नाही. उत्तर तयार ठेवायचं. कोइमतूरला आम्ही सांगायचो, कॉफी भाजायच्या भट्टीवर कामाला आहे. पुढं सांगलीत स्वतःची जागा घेतली, तेव्हा इथल्या एका जुन्या गलाईवाल्यानं पहिल्याच दिवशी पान लावता लावता सांगितलं, ‘हितं हळदीची गिरणी म्हनायचं. ठसका, डोळ्याची आग, पिवळी बोटं, समदं हळदीत खपतं.’ चांद आणि मी किती हसलो होतो त्यावर. आणि खरंच खपत होतं. तीस वर्षं खपलं.

आता प्लॅटिनमचं. ते चांदचं काम, माझं नव्हे. कोइमतूरलाच एकदा एका जुन्या मोडीतून पांढरा दाणा निघाला, ज्वारीएवढा. तेजाबात विरघळेना, भट्टीत वितळेना. मी फरशीवर टाकून बघितला. सोन्याचा नाद नाही, चांदीचा नाही, नुसता मेल्यासारखा ठप्प आवाज. मी म्हणालो, ‘शिसं असंल, दे फेकून.’ चांद म्हणाला, ‘शिसं आगीत ऱ्हात न्हाई, लाला. ह्यो ऱ्हायलाय. काईतरी हाय ह्यात.’ अकरा महिने त्यानं तो दाणा काडेपेटीत जपला, शेवटी एका म्हाताऱ्या कस लावणाऱ्यानं सांगितलं ते काय आहे. पुढं तू सातवीत असताना पुस्तकातून वाचून दाखवलं होतंस, स्पेनच्या लोकांना दक्षिण अमेरिकेत नदीच्या वाळूत हाच धातू पहिल्यांदा सापडला, त्यांना वाटलं ही हलकी चांदी, सोन्यात भेसळ होईल म्हणून नदीत फेकून दिला. तेव्हा चांद तुला म्हणाला, ‘म्हंजी ते तुझ्या काकाचं पावनं दिसत्यात.’ भाभी हसता हसता पातेलं उतरवायला विसरल्या होत्या आणि खीर लागली होती. मी ती पुस्तकातली गोष्ट पुढं गिऱ्हाइकांना माझीच म्हणून सांगायचो.

सोनं मी करायचो, प्लॅटिनम तो. सोन्यापेक्षा जड, आणि हट्टी. एकट्या तेजाबाला दाद देत नाही. दुसरं मिठाचं तेजाब मिसळावं लागतं, गरम करावं लागतं, तेही थोडंथोडं घालत, दिवस दिवस. घाई केली की धुराचा लोट उठतो. विरघळलं की पाणी नारिंगी होतं, त्यात नवसागर घातला की तळाशी पिवळा गाळ बसतो. पिवळा म्हणजे किती, तर दळलेल्या हळदीसारखा हुबेहूब. तो तापवला की राखाडी स्पंज उरतो, तेच प्लॅटिनम. चांदला त्या पिवळ्या गाळानं शिंका यायच्या, मनगटं खाजायची, तरी त्याला त्या कामाचं प्रेम होतं. म्हणायचा, ‘गाड्यांच्या धुराड्यात हाय, काळजाला लावायच्या यंत्राच्या तारंत हाय, कॅन्सरच्या औषधात हाय. सोनं नुसतं मिरवतंय बग. ह्ये कामाला जातंय.’ मी म्हणायचो, ‘मग त्येला डबा बांधून दे की.’ असं आमचं चालायचं.

त्या आठवड्यात सिमेंटच्या एका कारखान्यातून काम आलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या वाट्या असतात, हजार डिग्रीला दगडाची भुकटी त्यात वितळवतात, वाटीला काही होत नाही. पण वीस-वीस वर्षांनी वाटीही तडकते. तसल्या सहा तडकलेल्या वाट्या. निम्म्या चांदनं गुरुवारपर्यंत विरघळवून पिवळा गाळ करून ठेवला होता. शनिवारी माणूस घ्यायला येणार होता. मध्ये शुक्रवार.

शुक्रवारी आपली भट्टी बंद असते, हे तुला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तीस वर्षांत मी एकदाही ती लावली नव्हती. दफनानंतर तू मला विचारलंस, ‘काका, त्या दिवशी काम चालू नव्हतं ना?’ मी म्हणालो, ‘शुक्रवार होता की रं.’ बघ, मी खोटं बोललोसुद्धा नाही. शुक्रवार होताच. पण भट्टी चालू होती.

गुरुवारी संध्याकाळी मीच त्याला म्हणालो, उद्या सकाळी दोन तास ये. तो म्हणाला, ‘जुम्मा हाय लाला.’ मी म्हणालो, ‘नमाजाच्या आत सोडतो तुला, हात तरी धुवायला वेळ दीन.’ तो हसला आणि हो म्हणाला. त्यानं मला नाही म्हणायची सवयच लावून घेतली नव्हती, आणि ते मला पुरतं माहीत होतं. सकाळी आठला त्यानं उरलेल्या वाट्या गरम तेजाबात सोडल्या. धूर ओढणारा पंखा चालू होता, पण तीन दिवसांपासून त्याच्या आवाजात एक खरखर आली होती. बेअरिंग गेलं होतं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. मला आलं होतं, मंगळवारीच. शनिवारी माल गेला की मिस्त्री बोलवू, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

साडेआठच्या सुमाराला मी दारात उभा राहून म्हणालो, ‘अजून किती? जरा दांडगं ओत की.’ तो म्हणाला, ‘उसळंल.’ मी म्हणालो, ‘पंखा हाय की.’ त्यानं ओतलं. उसळलं. आणि तेवढ्यात पंखा बसला. आधी खरखर, मग एक लांब कण्हल्यासारखा आवाज, मग काही नाही. आम्ही दोघं बाहेर पळालो. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की खालचा गॅस चालूच आहे, भांडं फुटेल, लोकांचा माल जमिनीवर सांडेल. मी त्याला धरलं नाही. टॉवेल भिजवून मीच त्याच्या हातात दिला. शोएब, तू विज्ञान शिकवतोस, ओल्या टॉवेलानं तो वायू अडत नाही हे तुला माहीत असेल. मला आता माहीत आहे. तेव्हा आम्ही सगळे तेच करायचो. आत तांबडं धुकं होतं. मी बाहेर उभा राहून मोजत होतो. चाळीस झाले तेव्हा तो भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आला. एक थेंब सांडला नव्हता.

खूप खोकला. डोळ्यांतून पाणी. मी गूळ दिला, दूध दिलं, तीही आमची रीतच. अर्ध्या तासात खोकला निम्म्यावर आला, पण छातीत आवळल्यासारखं वाटतंय म्हणाला, म्हणून मी त्याला बाजाराच्या मागच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर अंकिता. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. गर्दी होती तरी तिनं त्याला आधी आत घेतलं. बोटाला चिमटा लावला, छाती मागून-पुढून ऐकली, एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ होता. मग तिनं विचारलं, काम काय करता.

चांदनं तोंड उघडलं. ‘आमी...’ एवढंच म्हणाला. मी त्याच्या आधी बोललो. म्हणालो, ‘हळदीची गिरणी हाय मॅडम, पोतं फुटलं अंगावर.’

ती म्हणाली, कुठला वायू, धूर, केमिकल काही? मी म्हणालो, ‘छे छे, आपल्याला हळदीशिवाय काय येतं?’ ती त्याच्या बाहीकडे बघत होती. शर्टाच्या उजव्या बाहीवर पिवळा डाग होता, सकाळी गाळणीच्या कागदावरून गाळ खरवडताना लागलेला. ती म्हणाली, आणि हे काय? मी म्हणालो, ‘सांगलीत पिवळं दुसरं काय असणार मॅडम? आमचं लगीन न्हाई, तरी रोज हळद लागती.’ ती हसली. चांदही हसला, आणि हसता हसता त्याला पुन्हा ठसका लागला. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी मला नाही, त्याला. ‘बाबा, तुम्ही सांगा. ॲसिडजवळ, ब्लीचिंग पावडरजवळ, बंद खोलीत कुठं होता का?’ चांदनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

तिनं वाफ दिली, औषध लिहून दिलं. दम वाढला तर कुठंही न थांबता परत या, हेही बजावलं. एवढं सगळं तिनं केलं. तुझ्या कागदात यातली फक्त वाफ आणि औषध आहे.

दुपारपर्यंत त्याला बरं वाटलं. तोच त्या वायूचा डाव असतो, हे मला नंतर कळलं. आधी छळतो, मग सोडल्यासारखं करतो, आणि आत फुप्फुसात पाणी साठत जातं, सहा तास, दहा तास. खोकला थांबला म्हणजे गॅस उतरला, असं आम्ही तीस वर्षं मानत आलो. नमाजाला जायची ताकद नाही म्हणाला, म्हणून मी त्याला गाडीत घालून उंब्रजला घरी सोडायला निघालो. वाटेत तो सबंध वेळ बोलत होता, तुझ्या शाळेतल्या बदलीचं, भाभींच्या गुडघ्याचं. कऱ्हाडच्या अलीकडे गप्प झाला. गाडीच्या काचा बंद होत्या. मला त्याचा श्वास ऐकू आला. तव्यावर मीठ टाकल्यावर तडतडतं, तसा अगदी बारीक आवाज, प्रत्येक श्वासाच्या शेवटी. मी रेडिओ लावला.

घरी भाभींना मी तेच सांगितलं, हळदीची धूळ गेलीय, आराम करू दे. चहा घेतला आणि निघालो. संध्याकाळी सहाला भाभींचा फोन, ओठ निळे पडलेत, शेजाऱ्याच्या गाडीतून कऱ्हाडच्या दवाखान्यात नेतोय. सातला पुन्हा फोन. मी पेठनाक्यापाशी होतो, तिकडेच निघालो होतो. भाभींनी स्पीकर लावला होता, पलीकडे तिथले डॉक्टर विचारत होते, नेमकं काय झालं होतं सकाळी? आणि भाभी एकेक शब्द जपून सांगत होत्या, ‘हळदीचं पोतं फुटलं, साहेब. हळदच गेली नाकातोंडात. लालाभाई हायत की फोनवर, त्यास्नी इचारा.’ डॉक्टर म्हणाले, हॅलो. शोएब, मला सगळं ऐकू येत होतं. मागं कुणाचं तरी स्ट्रेचर ओढत होते, त्याचं एक चाक वाजत होतं. चांदचा श्वास नळीतून येत होता, तोही. मी म्हणालो, ‘व्हय साहेब. हळदच.’

का, ते मला विचारू नकोस, मीच मला विचारून बघितलंय. पोलिसांची भीती नव्हती. त्या वेळी माझ्या डोक्यात पोलीसही नव्हते आणि गल्लीही नव्हती. काहीच नव्हतं. तोंडात तेच वाक्य होतं, ते बाहेर आलं.

तू साताऱ्याहून पोचलास तोवर तो बोलण्यापलीकडे गेला होता. पुढचं तू स्वतः बघितलंस.

आणखी एक सांगतो, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. दफन करून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी नवा पंखा बसवून घेतला, आणि ते काम पुरं केलं. त्यानं वाचवलेलं नारिंगी पाणी, नवसागर, गाळ, सगळं माझ्या हातानं. साताठ वाट्यांचं वजन शेवटी लिंबाएवढ्या राखाडी गोळ्यात मावतं. सहाच होत्या. बघ, साताठ लिहून गेलो. माणूस आला, घेऊन गेला, म्हणाला, काम नेहमीसारखंच चोख आहे. मी म्हणालो, असणारच.

काल सोमवारी मी डॉक्टर अंकिताच्या दवाखान्यात गेलो. पूर्वी बाकावर जागा मिळायची नाही, काल मी चौथा होतो आणि माझ्यामागं कुणी नव्हतं. दारावरच्या तिच्या नावावर कुणीतरी शेण फासलं होतं, ते पुसलेलं, पण अक्षरांच्या खोबणीत राहिलेलं. आत गेलो, तिनं ओळखलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तेवढंच, या क्रमानं. मग तिनं कपाटातून त्या दिवसाचा केसपेपर काढला आणि माझ्यापुढं धरला. त्यावर तिच्या अक्षरात होतं, ‘वायू अथवा ॲसिडचा संपर्क आल्याचं रुग्ण व सोबतची व्यक्ती तीनदा नाकारतात.’ ती म्हणाली, ‘हे मी तुमच्या शोएबना फोनवर वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, माझे काका खोटं बोलणार नाहीत.’

मी विचारलं, खरं सांगितलं असतं तर? ती म्हणाली, ‘चोवीस तास ठेवून घेतलं असतं, ऑक्सिजनवर, डोळ्यांसमोर. वाचले असते का, ते मी सांगणार नाही. सांगता येत नाही.’ तिनं केसपेपर परत कपाटात ठेवला. मला वाटलं, आता मला बाहेर काढेल. तर तिनं विचारलं, ‘तुम्हीही बाहेर पडायच्या आधी त्या धुरात होता ना? तेव्हापासून कुणी तपासलंय तुम्हाला?’ आणि माझ्या बोटाला चिमटा लावला. छाती ऐकली. एक्स-रे लिहून दिला. काढून घेतला मी. चांगला आहे.

आता शेवटचं. हे मी तिच्यासाठी लिहितोय असं तुला वाटेल. थोडं तिच्यासाठी आहेच. हेच सगळं दुसऱ्या एका कागदावर लिहून, सही करून, काल तिच्या हातात दिलंय, तुझी तक्रार जिथं जाणार आहे तिथंही आज रजिस्टर पोस्टानं टाकलंय, म्हणजे उद्या तू समोर येऊन उभा राहिलास तरी मला माघार घेता येणार नाही. मी बोलायला चांगला आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्याशी तोंडानं बोललो असतो तर तुझा चेहरा बघत बघत मी कुठंतरी वळण घेतलं असतं आणि तुला पटवलं असतं. पण त्या बाईंसाठी मी हलेन एवढा चांगला माणूस मी नाही. तुझा कागद शनिवारपासून माझ्याकडे होता आणि त्यावर सही करायला मी पेन उघडलंही होतं. मग भाभींचं बोलणं आठवलं. कागद यायच्या आधी, चाळिसाव्याला उंब्रजहून निघताना त्या मला सोडायला दारापर्यंत आल्या होत्या. चप्पल घालत होतो. त्यांनी हळूच विचारलं, तू आत होतास म्हणून असेल, ‘लालाभाई, म्या त्या डॉक्टरास्नी नीट सांगितलं न्हवं? माजं काई सांगायचं ऱ्हायलं तर न्हाई? मला रोज वाटतंय, काईतरी ऱ्हायलं बगा.’ मी म्हणालो, ‘समदं नीट सांगितलंत भाभी.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या, पण त्या ‘बरं’चा आवाज मला चांगला ऐकू आला, आणि मी गाडी चालू केली. माझं खोटं बोलून त्या आता स्वतःलाच दोष देत बसल्यात. तेवढं काढून घे त्यांच्या डोक्यातून. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, मी गेलो तर पुन्हा काहीतरी बरं बोलून येईन. तू शनिवारी घरी जाशील, तेव्हा त्यांना जवळ बसवून हे वाचून दाखव. सगळं.

तुझाच,
लालासाहेब